कोलूकडे गेलेली पावलं

१

सांगा मंडळी, विश्वास ठेवायचा तर कुणावर? ज्या चेहऱ्यासमोर उभा संसार केला त्या चेहऱ्यावर, की त्याच माणसाच्या अंगठ्यानं पेल्यावर सोडलेल्या डागावर? उत्तर लगेच देऊ नका. कुंभकोणमच्या विजयराघवला हे आधी कुणी विचारलं असतं तर तोही हसला असता. म्हणाला असता, दोन्ही एकाच माणसाचं, मग निवडायचं काय?

विजयराघवचं पितळेच्या भांड्यांचं दुकान. घराणं मराठी राजांबरोबर तंजावरला उतरलेलं, पण त्याच्या वाट्याला राजवाडा आला नाही, तराजू आला. शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. एकदा चेन्नैचे एक गृहस्थ रेशमी फडक्यात गुंडाळून समई घेऊन आले. पणजोबांच्या वेळची म्हणाले. विजयराघवनं ती वाजवली नाही, घासली नाही. नाकाशी नेली आणि कॉफी मागवली. म्हणाला, "सर, तुमचे पणजोबा समईत तेल घालायचे की बुटाचं पॉलिश?" गृहस्थ आधी रागावले, मग हसले, आणि कॉफी संपेपर्यंत समई कुठल्या कारखान्यात काळी केली तेही सांगून बसले. अशी त्याची नजर. समोरचा कॉफी पावडरवाला चंद्रमौळी म्हणायचा, देवानं याला डोळे देताना दोघांचे दिले.

दुपारी बाजार निजतो. शटर अर्धं ओढायचं, मागच्या दारानं घरात यायचं, ताकभात जेवायचा आणि कूडात, म्हणजे पुढच्या दिवाणखान्यात, झोपाळ्यावर आडवं व्हायचं, हा त्याचा क्रम. गेल्या पोंगलला मुलगी लावण्या बंगळूरहून आली ती आपला जुना टॅब विसरून गेली आणि या क्रमात एक गेम शिरला. चित्रातली एक खोली दिसायची, सामानानं ठासून भरलेली. खाली ओळीनं काळ्या सावल्या: किल्ली, कात्री, घुबड. ज्याची सावली ती वस्तू पसाऱ्यात हुडकून तिच्यावर बोट ठेवायचं. मध्येच पोलिसांची प्रयोगशाळा यायची. काचेवर काळी पूड झटकून ठसे उठवा, केस भिंगाखाली धरा, फाटलेला कागद जुळवा.

त्याची बायको महालक्ष्मी थट्टा करायची. "घरांत चष्मा मिळत नाही यांना. परक्यांच्या घरचं घुबड बरं सांपडतं."

"चष्मा शोधाला तूं अहेस," तो म्हणायचा, घरच्या तंजावरी मराठीत.

२

नवरात्र बसलं तेव्हा तो नव्या केसपाशी आला होता. सुरुवातीलाच हकिगत लिहून यायची. विजयराघव इंग्रजी सावकाश वाचायचा, पण पुरतं वाचायचा. एका घरातली मालकीण नाहीशी झाली आहे. आणि पुढं एक ओळ: घरातल्या कुणालाही ती नाहीशी झाल्याचं अजून कळलेलं नाही.

ती ओळ वाचून तो मोठ्यानं हसला. "ऐक ग. बाई घरांतून गेली आणि घरच्यांना पत्ताच नाही. असं कधी होईल?"

महालक्ष्मी समोरच कोलू मांडत होती. कोलू म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास. पायऱ्या रचायच्या, पांढरं कापड घालायचं, वरच्या पायरीला देव, खाली माणसं. तिच्या माहेरून आलेली लाकडी राजा-राणीची जोडी, तिसऱ्या पायरीवर धान्याची पोती मांडून बसलेले चेट्टियार शेठ आणि त्यांची शेठाणी. प्रत्येक बाहुली ती स्वतःच्या हातानं पुसून स्वतःच ठेवायची. दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही.

"होईल की," ती शेठाणीचं नाक पुसत म्हणाली. "जेवाला वेळेवर मिळालं तर कोण पाहाला जातं, कोणी वाढलं म्हणून?"

पहिल्या खोल्या नेहमीच्या होत्या. शेकोटी, पियानो, खिडकीबाहेर बर्फ. चौथ्या खोलीत, त्या गोऱ्या लोकांच्या स्वयंपाकघरात, चिनी किटल्यांच्या रांगेत त्याला पितळेचा पेला दिसला. खाली वाटी, वर पेला. आपण कॉफी वर-खाली ओततो तो जोड. त्यानं टॅब जवळ घेतला. पेल्याचा काठ बाहेर वळवलेला होता. तसा काठ फक्त इथले कारागीर वळवतात.

त्यात काय, त्यानं स्वतःला समजावलं. असले गेम करणारी अर्धी मुलं चेन्नैत बसलेली असतात. कुणीतरी आपल्या घरचा पेला काढून टाकला असेल.

त्यानं पेल्यावर बोट ठेवलं. प्रयोगशाळा उघडली. पूड झटकायचा कुंचला आला. पेल्याच्या पोटावर अंगठ्याचा ठसा हळूहळू वर आला आणि विजयराघवच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

पितळेच्या व्यापाऱ्याचं निम्मं आयुष्य बोटांचे डाग पुसण्यात जातं. घासलेल्या पितळेवर कुणी बोट लावलं की आज दिसत नाही, चार दिवसांनी तिथंच काळं पडतं. कुणाचं बोट, तेही तो सांगायचा. घरातल्या प्रत्येक पेल्यावर एक ठसा ठरलेला होता. मध्ये चक्र, चक्राला तिरकी छेदून गेलेली रेघ, आणि रेघेचं खालचं टोक माशाच्या शेपटीसारखं फुटलेलं. लावण्या पोटात असताना महालक्ष्मीनं कच्चं केळं चिरताना विळीवर अंगठा कापून घेतला होता, त्याची ती खूण.

पडद्यावर तीच रेघ होती. शेपटीसकट.

३

"जरा अंगठा दाखव."

"काय, घर नांवावर करून घेतांत काय माझ्याकडून?"

"दाखव की."

तिनं दाखवला. रेघ उलट्या अंगाला झुकलेली. त्याला हायसं वाटलं, पण व्यापाऱ्याचं मन. ठसा उलटा पडतो हे त्याला ठाऊक होतं. त्यानं घासून ठेवलेला पेला आणला, तिचा अंगठा त्यावर दाबला आणि पेल्यावर तोंडाची वाफ सोडली. ठसा उठला. त्यानं पेला टॅबशेजारी धरला.

"पाहा."

महालक्ष्मीनं डोळे बारीक केले. "इथें काचेचा ग्लास अहे. लिपस्टिक लागलीय त्याला."

"पितळेचा पेला. नीट पाहा."

"अहो, पितळ पाहून पाहून तुम्हांला काचही पिवळी दिसाला लागली." ती पेला पुसून आत घेऊन गेली. जाताना तिच्या पायातल्या जोडव्यांचा टिक्‌टिक्‌ आवाज गुळगुळीत फरशीवरून स्वयंपाकघरापर्यंत गेला.

संध्याकाळी त्यानं टॅब चंद्रमौळीला दाखवला. चंद्रमौळीशी बोलणं तमिळमध्ये. त्यानंही काचेचा ग्लासच पाहिला. टॅब तिरका केला, सरळ केला, परत दिला.

"राघवा, तू भाग्यवान. तुला बायकोचा अंगठा चित्रात दिसतो. मला माझी बायको फोनवर बोलली तरी ओळखू येत नाही, मी बँकेची बाई समजून नको नको म्हणतो."

"मस्करी नको. यातल्या बाईचं काय होतं ते मला बघायला पाहिजे."

"मग पुसून टाक तो गेम."

विजयराघवनं मान हलवली, पण पुसला नाही. त्याचं गणित सरळ होतं. ठसा महालक्ष्मीचा असेल तर हरवलेली बाईही तीच. आणि केस अर्धी टाकली तर हरवलेली बाई हरवलेलीच राहील. शेवटपर्यंत गेलं पाहिजे, तिला शोधून काढलं पाहिजे, म्हणजे प्रकरण मिटेल. मंडळी, त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच गणित मांडलं असतं. चूक कुठं आहे ते मला आजही दाखवता येत नाही.

४

शुक्रवारी महालक्ष्मीनं न्हाण घेतलं, पायांना हळद लावली, हिरव्या काठांची कांदी, कांद्याच्या सालीच्या रंगाची साडी नेसली. जेवणं झाली. ती स्वयंपाकघरात सुंडलासाठी, म्हणजे प्रसादाच्या कोरड्या उसळीसाठी, भिजवलेले चणे निवडत बसली, संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. तो झोपाळ्यावर, पाठ कोलूकडे, टॅब छातीवर.

या वेळची खोली अर्धीच उजळलेली होती. सावल्यांची ओळ सोपी: फुलांचा गजरा, दिव्याची वात, पंखा. गजरा मिळत नव्हता. वात मिळाली. गजरा म्हणजे आपल्याकडचा, केळीच्या सोपटात ओवलेला, आणि पसाऱ्यात दोऱ्यासारखं बरंच काही लोंबत होतं.

मागून जोडव्यांचा आवाज आला. टिक्‌, टिक्‌, स्वयंपाकघराकडून त्याच्या झोपाळ्याजवळून कोलूकडे. मग थांबला.

"अहो," ती म्हणाली, "जरा इकडे या पाहूं."

"आलों."

"अहो. हें काय अहे पाहा तरी."

आवाजात काही घाबरं नव्हतं. पदार्थाला वास येतोय का विचारताना बाई बोलते तसा. "आलों म्हटलं की," तो म्हणाला, कारण गजरा त्याला आत्ताच दिसला होता, चित्रातल्या खिडकीच्या पडद्याच्या घडीत. त्यानं बोट ठेवलं.

"अहो," तिनं तिसऱ्यांदा म्हटलं, पण ते पुरं झालं नाही. अर्ध्यावर राहिलं. बाहेर बसचा हॉर्न वाजला म्हणून ऐकू आलं नसेल, असं त्याला वाटलं.

प्रयोगशाळा उघडली. या वेळी निळा दिवा होता. तो फरशीवरून फिरवला की सांडलेलं, पुसलेलं, डोळ्याला न दिसणारं चमकायचं. विजयराघवनं दिवा फिरवला. पावलं उमटली, पिवळट हिरवी. बाईची पावलं, दुसऱ्या बोटाजवळ जोडव्याचा गोल कोरा सुटलेला. खोलीच्या एका दारातून निघून ती समोरच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. परत आलेली नव्हती.

"कॉफी आणूं?"

आवाज स्वयंपाकघरातून आला.

तो उठून बसला. कोलूसमोर कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात महालक्ष्मी उभी होती, चण्याचं ताट हातात, कांदी रंगाची साडी, हिरवे काठ.

"तूं आत्तां इथें होतीस."

"मी कुठें? चणे निवडतें अहें."

"मला हांक मारलीस. इकडे या म्हणालीस."

"झोंप लागली असेल तुम्हांला," ती म्हणाली. तिचा चेहरा प्रेमळ होता. मला हे मुद्दाम सांगायचं आहे. त्या चेहऱ्यात काडीचाही फरक नव्हता.

दुकानात नोटा तपासायला निळ्या उजेडाची बॅटरी असते. खरी नोट त्यात वेगळी चमकते, खोटी वेगळी. विजयराघव दुकानात गेला, बॅटरी घेऊन आला, आणि हळदही त्या उजेडात चमकते हे त्याला त्या दिवशी समजलं. खिडक्या लावून घेतल्यावर फरशीवर पावलं दिसली. स्वयंपाकघरापासून कोलूपर्यंत, जोडव्याच्या कोऱ्या गोलासकट. शेवटची दोन्ही पावलं पायऱ्यांसमोर शेजारी शेजारी, कुणी उभं राहून वाकून पाहावं तशी. परत येणारं एकही नाही.

त्यानं उजेड स्वयंपाकघराच्या दारापाशी नेला. तिथं ती मघाशी ताट घेऊन उभी होती. कोलूकडे गेलेल्या त्या पावलांखेरीज तिथली फरशी स्वच्छ होती.

५

मग तो वाट पाहू लागला. कशाची, ते त्याला सांगता आलं नसतं.

कॉफी आली. पेला घासलेला, लखलखीत. त्यानं कॉफी संपवली, पेला उजेडात धरला, वाफ सोडली. त्याची स्वतःची बोटं उठली. दुसरं काही नाही. ज्या हातानं पेला दिला त्या हाताचा डागही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला तांब्या उचलायला लावला, परात धरायला लावली, कोनाड्यातली घंटा मागितली. ती देत गेली. विचारलं नाही एकदाही, असं काय मागताहांत म्हणून. महालक्ष्मीनं विचारलं असतं. दोनदा विचारलं असतं आणि तिसऱ्यांदा टोमणा मारला असता. प्रत्येक भांडं त्यानं मागच्या अंगणात नेऊन वाफेवर धरलं. भांडी कोरी होती, कारखान्यातून आल्यासारखी.

हात साबणानं धुतले असतील. म्हातारपणी कातडी कोरडी होते. त्यानं कारणं रचली, आणि त्यातली काही चांगली होती.

शेवटी त्यानं माणसाची जी परीक्षा घ्यायची ती घेतली. ती कोलूला फुलं वाहत होती. तो म्हणाला, "लग्नानंतर आपण पहिल्यांदा गोविंदपुरमला गेलों, आठवतें? मठांत. विठ्ठलाचं भजन चाललं होतं. मी तुला काय म्हणालों?"

"म्हणालांत, तुला पाठ असेल तर तूंही गा, इथें आपलंच गाणं अहे, कोणी हंसाचं नाही." तिनं मागे न बघता सांगितलं. "मी गायलें नाही. तुम्ही रुसलांत. परत येतांना बसमध्यें मी पुटपुटलें तेव्हां गेला रुसवा."

सगळं खरं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं कुणाला माहीत असणार? हीच ती. आपलंच डोकं बिघडलं.

"आणि त्या बसमध्यें तुम्ही मनांत काय म्हणालांत," ती फूल ठेवत म्हणाली, "तेंही सांगूं?"

त्यानं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. महालक्ष्मीला तर नाहीच.

"नको," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढचं फूल उचललं.

चंद्रमौळीला त्यानं सगळं सांगितलं. चंद्रमौळी या वेळी हसला नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. तो म्हणाला, "राघवा, मी काय म्हणू? सकाळी वहिनींनी मला हाक मारून सुंडल दिलं. माझ्या सुनेचं बाळंतपण विचारलं. मी पोलिसांत जाऊन काय सांगू, यांची बायको घरात आहे म्हणून?" आणि मग हळूच: "डॉक्टरकडे जाऊया का? मी येतो बरोबर."

६

विजयादशमीची संध्याकाळ. शेजारच्या बायका कूडात जमल्या होत्या. ताटात विड्याची पानं, हळदकुंकू, फुलं. आरतीची तयारी आत चालली होती. विजयराघव झोपाळ्याच्या कडेला टॅब घेऊन उभा. शेवटची खोली त्याच क्षणी उघडली.

त्याचाच कूड होता. झोपाळा, पायऱ्या, पांढरं कापड, सगळे देव, सगळी माणसं. खाली सावल्यांच्या ओळीत एकच सावली. बाई. अंबाड्यात फुलं, उजवा हात जरासा पुढं, कुणाला बोलवावं तसा.

सबंध आयुष्य ज्या नजरेवर चाललं ती त्यानं कामाला लावली. वरची पायरी, दुसरी. देव, गवळणी, वाजंत्री. तिसऱ्या पायरीवर चेट्टियार शेठ, शेठाणी, धान्याची पोती. पोत्यांच्या मागं, सावलीत, कांदी रंग.

त्यानं बोट ठेवलं. पडद्यावर काही झालं नाही. मग त्यानं टॅब बगलेत धरला आणि खऱ्या कोलूकडे गेला. तिसरी पायरी. शेठजींच्या पोत्यांमागं हात घातला.

वीतभर उंचीची मातीची बाहुली. हिरव्या काठांची साडी, अंबाड्यात फुलं. ही आपल्या घरात कधी नव्हती हे त्याला शपथेवर सांगता आलं असतं. डोळे रंगवलेले, मोठे, उघडे. हाताची बोटं तांदळाएवढी. पण उजव्या अंगठ्यावर एक तिरकी रेघ होती, आणि रेघेचं टोक फुटलेलं होतं. बाहुली गार नव्हती. चुलीवरून उतरवून बराच वेळ झालेल्या भांड्यात जी ऊब राहते तेवढी ऊब तिच्यात होती.

सांपडली, एवढंच त्याच्या मनात आलं. आता पुढं काय करायचं असतं ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

आरती झाली. ती कधी झाली त्याला कळलं नाही. बायकांनी पाळण्याचं गाणं धरलं. दसऱ्याच्या संध्याकाळी कोलू उतरवायच्या आधी एक बाहुली निजवायची असते. राजा-राणीच्या जोडीतली एक हळूच आडवी करायची, गाणं म्हणायचं, की कोलू संपला. मग दुसऱ्या दिवशी बाहुल्या जुन्या धोतरांत गुंडाळून पेट्यांत, पेट्या माळ्यावर, ते पुढच्या वर्षीच्या नवरात्रापर्यंत. दर वर्षी महालक्ष्मी निजवायची आणि तो मागं उभा राहून बेसूर म्हणायचा.

"अहो, माझ्या हाताला कापूर लागलाय," मागून तिचा आवाज आला. "तुम्हीच निजवा या वर्षीं. बायका थांबल्या अहेत."

बायका त्याच्याकडे बघत होत्या. गाणं चालू होतं. त्याच्या हातात बाहुली होती. इतकी वर्षं या गाण्याला एक बाहुली आडवी होताना त्यानं पाहिली होती, आणि घरात जे सांगितलं ते करायची त्याच्या हाताला सवय होती. विचार करायला गाण्याचं एक कडवं जास्त लागलं असतं. हात पुढं गेला. त्यानं तिला पांढऱ्या कापडावर निजवलं.

उभी असताना तिचे डोळे उघडे होते. आडवी झाल्यावर ते मिटले. सावकाश, एका पाठोपाठ एक.

बगलेतल्या टॅबमध्ये बारीक घंटी वाजली. केस सुटली की वाजते ती.

त्यानं तिला उचलायला हात टाकला. त्याच्या मनगटावर एक हात आला, कोरडा, हलका. "निजवलेली पुन्हां उठवाची नसते, अहो," ती बायकांकडे बघून हसत म्हणाली. बायकाही हसल्या. एक म्हणाली, पुरुषांना काय माहीत. आणि मग ताटं आली, पानं आली, कुणीतरी त्याच्या हातात सुंडलाचा द्रोण दिला, आणि तो घेऊन तो उभा राहिला.

बायका जाईपर्यंत त्यानं त्या बाहुलीवरून नजर काढली नाही. शेवटचीला दारापर्यंत पोचवायला मात्र त्याला जावं लागलं. घरचा यजमान तो. परत आला तेव्हा पायरीवर राजा-राणीतली राणी आडवी होती. डोळे उघडे, लाकडी, जुने.

७

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून तो दुपारी घरी आला तेव्हा कोलू उतरलेला होता. पायऱ्या सुट्या केलेल्या, पेट्या माळ्यावर. ताट वाढलेलं.

तो जेवला नाही. शिडी लावली, वर चढला आणि माळ्यावर गुडघ्यांवर बसून पेट्या उघडल्या. जुन्या धोतरांच्या गुंडाळ्या, तान्ह्या मुलांसारख्या ओळीनं निजवलेल्या. एकेक सोडली. गवळणी, शेठाणी, पाणी भरणाऱ्या बायका, पोलिसाची बायको. कांदी रंगाची साडी एकीच्याही अंगावर नव्हती. मग त्यानं जे येत होतं ते केलं. प्रत्येक बाहुली तोंडाशी नेऊन तिच्या रंगावर वाफ सोडली.

पहिल्याच बाहुलीवर ठसा उठला. चक्र, तिरकी रेघ, माशाची शेपटी. त्यानं ती छातीशी धरली. मग दुसरीवर वाफ सोडली. तिच्यावरही होता. तिसरीवरही. शेठजींवर, वाजंत्र्यांवर, देवांवर. सगळ्या बाहुल्या तिनंच तर पुसून ठेवल्या होत्या, स्वतःच्या हातानं, दुसऱ्याला लावू न देता. आता प्रत्येक बाहुली म्हणत होती, मीच.

खालून शिडी धरल्याचा आवाज झाला.

"सांपडली?"

त्यानं खाली पाहिलं. ती शिडीचे दोन्ही पाय धरून वर बघत होती.

"काय?" तो म्हणाला.

"जें शोधताहांत तें."

"नाही."

"मग उतरा. मी धरलीय. पडाल उगाच."

त्यानं बाहुल्या पुन्हा गुंडाळल्या. सगळ्या सारख्याच जपून, कारण कुठली ते माहीत नव्हतं. कुणाच्या तोंडावर कापड घट्ट बसणार नाही असं पाहिलं. झाकण लावताना हात थांबला, पण उघडी पेटी ठेवली तर घुशी येतात. त्यानं झाकण लावलं आणि खाली उतरला.

ताटावर बसला तेवढ्यात लावण्याचा फोन आला. "अप्पा, दिवाळीला सुटी मिळाली मला. तुम्ही दोघं कशी अहांत? आई बरी अहे की?"

समोर ती भात वाढत होती. वाढता वाढता हात थांबला. तो काय सांगतो ते ऐकायला तिनं मान जराशी कलती केली.

काय सांगणार? पोर घाबरून त्याच रात्री गाडीत बसली असती. आली असती तर आई दारात उभी दिसली असती, हसत. मग वेडा कोण, ते सगळ्यांनी मिळून ठरवलं असतं.

"दोघंही बरी अहोंत," विजयराघव म्हणाला.

तिनं उरलेला भात वाढला आणि त्यावर आमटी घातली, त्याला लागते तेवढीच.

त्याच्या दुकानात वजनाला कधी खोट नव्हती. सगळा बाजार सांगेल. घरातल्या माणसांचा आकडा मात्र त्यानं त्या दुपारी चुकीचा सांगितला, आणि तेव्हापासून रोज तोच सांगतो आहे. माळ्याखाली झोपाळा टांगून घेतला आहे त्यानं. तिथं पडून असतो. तुम्हालाही कुणी फोनवर विचारील, घरी सगळे कसे आहेत म्हणून. तोंडाशी येईल तो आकडा देऊ नका, मंडळी. हातातलं काम खाली ठेवा, ज्यानं हाक मारली त्याच्यापर्यंत उठून जा, त्याचा हात हातात घ्या, मग मोजा. कमी भरला तर कमी सांगा. हिशेब तेवढा खरा ठेवा, एवढी विनंती.